नोंदवहीतून गेलेले ३८ विजय
(लेखांक ६)

अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचा खेळाडू मैदानात उतरण्याआधी त्याची कागदपत्रं एनसीएए या संघटनेच्या पात्रता केंद्रातून तपासून जातात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. शाळेतले ठरावीक विषय, त्यांतले गुण आणि त्या काळी एसएटी किंवा एसीटी या परीक्षेचा निकाल. केंद्रानं एकदा ‘पात्र’ म्हटलं की विषय मिटला, असं कुणालाही वाटेल. मेम्फिस विद्यापीठालाही तसंच वाटलं होतं.

हंगाम २००७-०८चा. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी, आणि चेंडू हाती असलेला डेरिक रोझ, शिकागोहून आलेला पहिल्या वर्षाचा पोरगा. मेम्फिसनं ३८ सामने जिंकले. नियमित हंगामात हरले ते एकट्या टेनेसीकडून. सॅन अँटोनियोतल्या अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध दोनेक मिनिटं उरली असताना नऊ गुणांची आघाडी होती. मग फ्री थ्रो हुकू लागले, आणि अवघे दोन सेकंद राहिले असताना मारिओ चामर्सनं लांबून तीन गुणांची बास्केट टाकून बरोबरी साधली. जादा वेळेत कॅन्सस ७५-६८नं जिंकलं. मेम्फिसच्या लोकांना वाटलं, याहून वाईट काय व्हायचं?

मे महिन्यात एसएटीवाल्यांनी रोझचा निकाल रद्द केला. मुलगा शिकागोचा, परीक्षा मात्र दिलेली डेट्रॉइटमध्ये. आपल्याकडे ज्याला डमी बसवणं म्हणतात, तसला संशय. पण खरोखर कोण बसलं होतं, हे एनसीएएला ठरवावंच लागलं नाही. त्यांचा हिशेब सरळ होता : निकाल रद्द म्हणजे परीक्षाच नाही, परीक्षा नाही म्हणजे पहिल्या दिवसापासून अपात्र, आणि अपात्र खेळाडू ज्यात खेळला ते विजय बाद. विद्यापीठाला आधी ठाऊक होतं की नव्हतं, हा प्रश्न इथे गैरलागू. ‘तुम्हीच तर त्याला पात्र ठरवलंत!’ हे मेम्फिसचं म्हणणं ऑगस्ट २००९च्या निकालात टिकलं नाही, २०१०मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. मला हा नियम समजतो, कारण अज्ञानाची सबब चालली तर सगळेच अज्ञानी होतील. पण शिक्का मारणाऱ्यानं स्वतःच्या शिक्क्याची काहीच जबाबदारी घेऊ नये, हे पटत नाही.

विजय बाद झाले म्हणून हरलेल्या संघांना ते मिळत नाहीत, नुसते नोंदीतून जातात. राष्ट्रीय स्पर्धेतला मेम्फिसचा सहभागच पुसल्यामुळे कॅन्ससकडून झालेला पराभवही त्यांच्या खात्यातून गेला. उरला टेनेसीचा. अख्ख्या हंगामाची अधिकृत नोंद : शून्य विजय, एक पराभव.

तोवर रोझ शिकागो बुल्सकडून खेळत होता. २०११मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कॅलिपारी केंटकीला गेले होते. स्पर्धेतून मिळालेले पैसे परत करायला मागे राहिलं ते विद्यापीठ.

जानेवारी २०२३मध्ये एनसीएएनं एसएटी-एसीटीची अटच काढून टाकली. ३८ विजय परत आलेले नाहीत.

पुढच्या आठवड्यात पुन्हा मेम्फिसच : साल २०१९, साडेअकरा हजार डॉलर आणि कोर्टाचा हुकूम घेऊन मैदानात उतरलेला जेम्स वाइजमन.