२१ हजारांचा दाखला

वाशीम-पुसद रस्त्यावर अनसिंगला माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. संगणक, प्रिंटर, अंगठ्याची मशीन आणि बाहेर एक बाकडं. दिवाळीच्या आगेमागे ही मशीन हमखास रडवते. सोयाबीन सोंगून आलेल्या बायांची बोटं शेंगांनी अशी सोललेली असतात की ठसाच उमटत नाही. मग ओल्या फडक्यानं बोट पूस, खोबरेल लाव, डावा हात बघ. 'भाऊ, हातच नाही राह्यला तं अंगठा कुठून आणू?' एकीनं विचारलं. बाकड्यावरचे सगळे हसले. तीही हसली.

गर्दी पाहिली ती मात्र २०२४ च्या जुलैत, लाडकी बहीण योजना सुरू झाली तेव्हा. महिन्याला १५०० रुपये. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असलं की उत्पन्नाचा दाखलाही नको. परराज्यातून लग्न होऊन आलेल्या सुनेला नवऱ्याच्या कागदांवर अर्ज करता येत होता. आदिलाबादकडची अशीच एक सून आली, तिचं काम चहा गार व्हायच्या आत उरकलं.

सोबत सासू होती. ६७ वर्षांची, म्हणजे लाडक्या बहिणीच्या वयाबाहेर. तिच्यासाठी श्रावणबाळ पेन्शन योजना. तिथंही १५०० रुपयेच मिळतात, २०२३ पर्यंत हजार होते. पण कुटुंबाचं उत्पन्न हवं २१ हजारांच्या आत. महिन्याचे नव्हे, वर्षाचे २१ हजार! ६५ च्या आतल्या विधवांसाठी, दिव्यांगांसाठी १९८० पासून संजय गांधी निराधार योजना आहे. तिथल्या विधवेलाही हाच आकडा आडवा येतो.

हिशेब करा. २१ हजार म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत, आणि तेही सगळ्या घराला. त्याच वर्षी रोजगार हमीची मजुरी होती २९७ रुपये. घरातल्या एकानं हमीचे १०० दिवस भरले तर २९,७०० होतात. सरकारनं दिलेलं काम इमानानं पुरं केलं की म्हातारी सरकारच्याच पेन्शनीतून बाद.

हमीची आठवण मुद्दाम काढली. १९७२ च्या दुष्काळाच्या धगीत वि. स. पागे यांची ही कल्पना राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला. २००५ साली देशानंही तसा कायदा केला. त्यातली खुबी मला फार आवडते. उन्हात दगड फोडायला जो येतो त्याला 'तू किती गरीब?' असं विचारायचं नाही. दाखला नको, तलाठ्याकडे खेपा नकोत. काम मागितलं, एवढं पुरे. पण जिच्या अंगात आता कुदळ उचलायची ताकद नाही, तिलाच आम्ही कागदावर गरिबी मोजून आणायला लावतो.

म्हातारीचा दाखल्याचा अर्ज उघडला. मुलगा रोजमजुरी करतो, सून निंदणाला जाते. काहीही करा, २१ हजारांत ते घर बसत नव्हतं. नियम सांगितला तशी ती सुनेकडे बघत म्हणाली, 'तिले अडीच लाख चालते अन् मले एकवीस हजार? भाऊ, चूल तं एकच हाय आमची.'

उत्पन्नाचा रकाना रिकामा होता. मी कीबोर्डवर हात ठेवून बसून राहिलो.