साउंड शिकायचंय, म्हणून पदवी सोडू का?

आपल्या छत्रपती संभाजीनगरात बीएस्सी-बीकॉमला नाव घातलेली, पण जीव मिक्सरच्या बटणांत अडकलेली पोरं दर गणपतीत भेटतात. "कॉलेज सोडतो, मुंबईला जाऊन साउंड इंजिनिअरिंग करतो." घरच्यांच्या लेखी पोरगं डीजेच्या नादी लागलेलं असतं. दोन्हीकडे माहिती बहुतेक ऐकीव.

गैरसमज: या क्षेत्रात पदवी विचारतंय कोण?

लग्नाच्या मंडपात कुणी विचारत नाही. खासगी संस्थांच्या डिप्लोमालाही सहसा बारावी पुरते, फी मात्र लाखांत जाते. पण पुण्याची एफटीआयआय घ्या. 1960 साली प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झालेल्या या संस्थेत साउंडचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. शाखा कोणतीही चालते, पण बारावीला फिजिक्स हवं. 'स्लमडॉग मिलिओनेअर'च्या साउंड मिक्सिंगसाठी 2009 मध्ये ऑस्कर घेणारे रसूल पूकुट्टी आधी फिजिक्सचे पदवीधर झाले, मग तिथे शिकले. म्हणजे आज पदवी सोडणारा देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या वर्गाचं दार स्वतःच लावून घेतो. हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

गैरसमज: साउंड इंजिनिअरिंग म्हणजे इंजिनिअरिंगच.

नाही. डिप्लोमा करून नावापुढे बीई लागत नाही. आकाशवाणीतल्या तांत्रिक पदांना अभियांत्रिकीचीच पदवी किंवा पदविका मागतात.

गैरसमज: कान चांगला असला की झालं, गणित कशाला?

वेरूळ-अजिंठा महोत्सव सोनेरी महालाच्या आवारात होतो, विद्यापीठाला लागूनच. अशा मोकळ्या मैदानात मागच्या रांगांसाठी मधे आणखी स्पीकर लावतात. आवाज सेकंदाला साधारण 344 मीटर जातो. मधला स्पीकर मंचापासून 35 मीटरवर असेल तर मंचावरचा आवाज तिथे पोचायला एक दशांश सेकंद लागतो. तारेतून आलेला सिग्नल मात्र त्याच क्षणी तिथे हजर. मागच्या माणसाला तबल्याची एकच थाप दोनदा ऐकू येते. म्हणून त्या स्पीकरला 100 मिलिसेकंदांच्या आसपास डिले द्यावा लागतो. नवशिका इथे आवाज वाढवत बसतो, त्याने घोळ आणखी वाढतो. तीच गत वॅटची. 500 वॅटच्या जागी 1000 वॅट दिले की आवाज दुप्पट होतो, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. प्रत्यक्षात वाढतात फक्त 3 डेसिबल, आणि कानाला दुप्पट वाटायला सुमारे 10 लागतात. माइकने शिट्टी मारली की नेमकी कोणती फ्रिक्वेन्सी कापायची, हे सरावलेला कान सांगतो, मान्य. पण लॉगॅरिदमला कंटाळून बीएस्सी सोडणाऱ्याला तोच लॉगॅरिदम मिक्सरच्या फेडरवर पुन्हा भेटणार आहे.

गैरसमज: मधेच सोडलं की झालेली वर्षं पाण्यात.

ही घरच्यांची भीती, आणि पूर्वी ती खरीही होती. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी कौशल्य अभ्यासक्रमाचे किंवा इंटर्नशिपचे थोडे जादा क्रेडिट पुरे करावे लागतात. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत जमा राहतात. मात्र सत्र अर्धवट टाकून, परीक्षा न देता गेलात तर त्या सत्राचं काहीच जमा होत नाही. सोडायचंच असेल तर वर्ष पुरं करून सोडा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी चालू ठेवून साउंड शिकण्याचाही रस्ता आहे. मला विचाराल तर बहुतेकांना हाच परवडणारा.

राहिला नोकरीचा गैरसमज. डिप्लोमा हातात पडला म्हणजे स्टुडिओची खुर्ची मिळाली, असं नसतं. बरंचसं काम कार्यक्रमागणिक मिळतं, पैसे मागाहून येतात, आणि सुरुवातीची कामं म्हणजे केबल गुंडाळणं आणि मॉनिटर उचलणं. एखादी लग्नसराई इथल्याच साउंडवाल्याकडे घालवली तर हे आपल्याला झेपतं का ते कळतं, तेही एक रुपया फी न भरता.

आणि खासगी संस्थेत पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: एका मिक्सरमागे विद्यार्थी किती, आणि मधेच सोडलं तर फी परत मिळते का. उत्तर लेखी घ्या.