स्टुडिओ हेडफोन घ्यायचाय? सारख्या दिसणाऱ्या मॉडेलांत पैसे कशाचे लागतात, ते आधी बघा

कळमनुरी : गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे नांदेड नाहीतर पुणं गाठायचं, ते दिवस आता मागं पडले. भजनी मंडळं, भीमगीतं म्हणणारी पोरं, तांड्यावर लेंगी गाणारे गडी, शेतीची माहिती सांगणारे यूट्यूबवाले, सगळे घरच्याच एका खोलीत माईक लावून काम करायला लागलेत. माईक घेतला की पुढचा खर्च हेडफोनचा. आणि इथंच माणूस अडकतो. एकाच कंपनीचे चार काळे हेडफोन, फोटोत जुळ्या भावांसारखे, नावात एका आकड्याचा फरक आणि किमतीत थेट तिप्पट.

२०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या हिशोबानं चांगल्या कंपनीचा साधा स्टुडिओ हेडफोन साधारण एका क्विंटलात बसतो आणि वरचा अडीच-तीन क्विंटल खातो. ऑनलाइन दर रोज खालीवर होतात, पण अंदाज हाच. म्हणून वरचे दीड-दोन क्विंटल नेमके कशासाठी द्यायचे, हे समजून घेतलेलं बरं.

क्लोज-बॅकच का?

काही हेडफोनची पाठ जाळीची, उघडी असते. त्यांना ओपन-बॅक म्हणतात. ऐकायला मोकळे वाटतात, पण आवाज बाहेर सांडतो. गायकाच्या कानात तबला-पेटीचा ट्रॅक चालू असतो आणि वीतभर अंतरावर माईक असतो. सांडलेला ट्रॅक माईक पकडतो आणि मग तो आवाजातून वेगळा काढणं जवळपास अशक्य होतं. म्हणून रेकॉर्डिंगला बंद पाठीचा, म्हणजे क्लोज-बॅक हेडफोन लागतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. क्लोज-बॅकनं बाहेरचा आवाज कमी होतो, बंद होत नाही. शेजारी पिठाची गिरणी चालू असेल तर ती तुम्हाला थोडी ऐकू येणारच, आणि माईकला तर पूर्ण ऐकू येणार. त्याला इलाज हेडफोन नाही, रेकॉर्डिंगची वेळ बदलणं हाच आहे.

एका घरचे चार भाऊ

आपल्याकडं सगळ्यात जास्त विचारले जातात ते ऑडिओ-टेक्निका कंपनीचे एम-२०एक्स, एम-३०एक्स, एम-४०एक्स आणि एम-५०एक्स. फरक असा:

• एम-२०एक्स : आत ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे छोटा स्पीकर. वायर ३ मीटर, कायमची जोडलेली. घडी होत नाही. खालचा आवाज, म्हणजे बास, थोडा उचललेला आहे.

• एम-३०एक्स : ड्रायव्हर ४० मिलिमीटरचाच, वायर कायमची. कंपनीनं याचा भर मधल्या सुरांवर ठेवलाय. माणसाचा आवाज बराचसा तिथंच असतो.

• एम-४०एक्स : ड्रायव्हर ४० मिलिमीटर. वायर काढता येते आणि डब्यात दोन वायरी मिळतात, एक सरळ आणि एक गुंडाळीची. कंपनी याला ‘सपाट’ आवाजाचा म्हणते. म्हणजे कुठलाच सूर मुद्दाम फुगवलेला नाही.

• एम-५०एक्स : ड्रायव्हर ४५ मिलिमीटर. वायर काढता येते, तीन वायरी मिळतात. बास आणि वरचा आवाज दोन्ही जास्त जाणवतात. ऐकायला मजा येते.

आता मुद्दा बघा. एम-४०एक्स वरून एम-५०एक्स वर जाताना बास वाढतो. पण आवाजाचं मिक्सिंग करायचं असेल तर जास्त बास फसवतो. तुम्हाला कानात ढोलकी भरदार वाटते, म्हणून तुम्ही ती कमी करून ठेवता. मग तेच गाणं गावातल्या स्पीकरवर लागलं की ढोलकी पिचकी वाटते. म्हणजे महागडा घेतला की काम चांगलं होतंच, असं नाही.

नावापुढं ‘बीटी’ अक्षरं दिसली तर ते ब्लूटूथचं मॉडेल समजा. ब्लूटूथवर आवाज कानात थोडा उशिरा पोचतो, त्यामुळं गाताना ताल चुकतो. रेकॉर्डिंगला शेवटी वायरच लावावी लागते. नुसतं रेकॉर्डिंग करायचं असेल तर ब्लूटूथचे जादा पैसे देऊ नका.

ओहम बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

दुसरं गाजलेलं नाव जर्मनीच्या बायरडायनॅमिकचं डीटी ७७० प्रो. हा एकाच नावानं ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. बाहेरून तिन्ही जवळपास सारखेच. गडबड इथंच होते.

ओहम जास्त म्हणजे हेडफोनला व्होल्टेज जास्त लागतं. डीपीवर व्होल्टेज पडलं की मोटार नुसती घूं-घूं करते, पाणी काही चढत नाही. तसंच २५० ओहमचा हेडफोन मोबाईलला लावला की आवाज बारीक येतो. तो खराब नसतो, त्याला जोरदार अॅम्प्लिफायर पाहिजे असतो. मोबाईल, लॅपटॉप किंवा साध्या इंटरफेसवर काम असेल तर ३२ किंवा ८० ओहमचा बघा. एम-२०एक्स आणि एम-३०एक्स ४७ ओहमचे आहेत, एम-४०एक्स ३५ चा, एम-५०एक्स ३८ चा. हे चारही मोबाईलवर चालतात.

नुसत्या ओहमवरही जाऊ नका. डब्यावर ‘सेन्सिटिव्हिटी’चा आकडा डेसिबलमध्ये लिहिलेला असतो. तो जितका जास्त, तितका कमी ताकदीत आवाज मोठा. सोनीचा एमडीआर-७५०६ हा ६३ ओहमचा आहे, पण सेन्सिटिव्हिटी १०६ डेसिबल असल्यानं मोबाईलवर दणक्यात वाजतो. हे मॉडेल १९९१ पासून बाजारात आहे आणि जगभरातले रेडिओवाले, शूटिंगवाले ते अजून वापरतात. वरचे सूर त्यात टोकदार येतात. त्यामुळं श्वासाचा फुसकारा, ‘स’ची शिट्टी, वायरीची खरखर लगेच पकडता येते. मात्र त्याची गुंडाळीची वायर कायमची जोडलेली आहे.

आणखी एक. बऱ्याच नव्या मोबाईलला हेडफोनचं भोकच नाही. टाईप-सी कनेक्टर वेगळा घ्यावा लागेल, तो खर्च आधीच धरा.

वायर, गादी आणि आपला उन्हाळा

हेडफोन बहुतेक वेळा वायरीपाशी मरतो. खुर्चीचं चाक जातं, पोरगं अडकून ओढतं. वायर निघणारी असेल तर नवी वायर लावली की काम भागतं. कायमची असेल तर डाग द्यायला रिपेअरवाला शोधावा लागतो. एम-४०एक्स साठी जादा पैसे द्यायचं सगळ्यात पक्कं कारण हेच आहे.

दुसरी गोष्ट कानाच्या गादीची. रेकॉर्डिंग करताना पंखा बंद ठेवावा लागतो, आणि आपल्याकडचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको. रेक्झिनसारख्या गादीत घाम साचतो आणि काही दिवसांनी तिचे पापुद्रे निघतात. डीटी ७७० प्रोच्या ८० आणि २५० ओहमच्या प्रकाराला मखमली कापडाची गादी येते, ती उन्हाळ्यात बरी पडते. कुठलंही मॉडेल घ्या, सुटी गादी बाजारात मिळते का, ते आधी विचारा. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा.

दुकानात कसं तपासायचं?

१) स्वतःच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये घेऊन जा. दुकानदारानं लावलेल्या डीजे गाण्यावर सगळेच हेडफोन भारी वाटतात.

२) दोन मॉडेल ताडताना आवाज सारखा ठेवा. जो मोठ्यानं वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, ही जुनी फसगत आहे.

३) हेडफोन डोक्यावर घालून गाणं लावा आणि सोबतच्याला वीतभर अंतरावर कान ठेवायला सांगा. ट्रॅक स्पष्ट ऐकू आला तर तो माईकलाही ऐकू जाणार.

४) निदान पंधरा मिनिटं काढू नका. डोकं दाबत असेल तर दोन तासांचं रेकॉर्डिंग त्यात होणार नाही.

मग कुणी काय घ्यावं?

फक्त गाताना किंवा बोलताना कानाला लावायचा असेल तर एम-२०एक्स किंवा एम-३०एक्स पुरतो. भजन, कीर्तन, मुलाखत असं आवाजाचं काम जास्त असेल तर एम-३०एक्स आधी बघा. स्वतः मिक्सिंग करून दुसऱ्यांची कामं पैशावर घेत असाल तर एम-४०एक्स किंवा सोनी ७५०६. रोज चार-पाच तास बसायचं असेल आणि ऐपत असेल तर डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा. मंडळाच्या वर्गणीतून घेताय तर दोन साधे घ्या. एक गायकाला, एक रेकॉर्डिंग करणाऱ्याला. एका महागड्यापेक्षा काम जास्त निघेल.

या मॉडेलांची नक्कल बाजारात मिळते. फारच स्वस्त दिसलं तर थांबा. जीएसटीचं पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या, डबा उघडताना व्हिडिओ काढा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

शेवटचं, कान सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, इतकी मर्यादा सांगितली आहे. आवाज वाढवला की ही वेळ झपाट्यानं कमी होते. काम झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त होता, असं समजा. हेडफोन बिघडला तर दुसरा आणता येतो, कान आणता येत नाही.