शॉर्टस्टॉपला कोण?

पहाटे साडेपाच. जानेवारीतला काळोख आहे, कानटोप्या घातलेले आजोबा मैदानाला फेऱ्या मारतायत आणि मी फक्कीच्या पोत्याची सुतळी सोडवतोय. शाळेचं मैदान सगळ्यांचंच असतं. क्रिकेट इथेच, फुटबॉल इथेच, स्नेहसंमेलनाचा मांडवही इथेच. त्यामुळे बेसबॉलचा डायमंड रोज नव्याने आखावा लागतो. होम प्लेटवर खुंटी ठोकायची, दोरी ताणायची, 90 फुटांवर पहिला बेस, तिथून काटकोनात दुसरा. मग टेप लावून होमपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं अंतर बघायचं. ते 127 फुटांच्या किंचित वर आलं की काटकोन बरोबर बसला. सहावी-सातवीतली मुलं असली की पायथागोरसचं प्रमेय त्यांना इथेच दाखवतो.

नंतर खडे वेचायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यातले खडे मी कुणालाही वेचू देत नाही, स्वतः वेचतो. माझं सगळं खेळणं त्या पट्ट्यात झालं. आधी सॉफ्टबॉल, मग बेसबॉल, शाळेकडून, विद्यापीठाकडून, राज्याकडून, आणि दर वेळी शॉर्टस्टॉप. मुरमातल्या एका खड्यावर टप्पा पडला की चेंडू वाट बदलून थेट हनुवटीवर येतो. एकदा असा फटका बसला की मुलगा पुढचे कित्येक दिवस मान वळवून चेंडू घेतो, आणि मान वळलेला मुलगा इनफिल्डला, म्हणजे बेसच्या आसपास, उपयोगाचा नाही. खडे वेचणं हा कोचिंगचाच भाग आहे.

सव्वासहा. मुलं येतात. रविवारी सामना आहे आणि संघ आज ठरवायचाय. बाकीच्या जागा जवळपास नक्की आहेत, अडलंय ते शॉर्टस्टॉपपाशी. दोघं दावेदार. एक क्रिकेट अकादमीतून आलेला. त्याचा हात दणकट, थ्रो सरळ रेषेत जातो, झेल सुटत नाही. दुसरा खो-खोतून आलेला. त्याचा थ्रो अजून कच्चा आहे, ग्लोव्ह हातात घातला की जरा अवघडतो. पाय मात्र असे की बघत राहावं.

पहिला अर्धा तास चेंडू बाहेर काढतच नाही, फक्त पाय. वाकून उभं राहायचं, टाळी वाजली की डावीकडे, दुसऱ्या टाळीला उलट. क्रिकेटवाली मुलं आधी उभी होतात आणि मग वळतात. खो-खोवाली वाकलेल्या अंगानेच दिशा बदलतात. पाटीवरून उठताना ताठ झालं की गडी निसटला, हे त्यांच्या मांड्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. या खेळाचे नियम 1914 साली पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, आणि प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार पुण्याच्या मैदानांवर वाढलेले. इतके तयार पाय या शहरात असताना आपण बेसबॉलसाठी मुलं शोधायला क्रिकेटच्या नेटवर जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सात. आता ग्राउंडर. हातात फंगो बॅट. ही लांब आणि हलकी असते, सरावाचे चेंडू मारण्यासाठीच. कोच झाल्यावर माझा बेसबॉल या बॅटीतच उरलाय. खेळत होतो तेव्हा चेंडू अडवत होतो, आता दिवसभर मारतो.

इनफिल्डरला शिकवायची मुख्य गोष्ट म्हणजे टप्पा निवडणं. जमिनीवरून येणारा चेंडू दोनच ठिकाणी सोपा असतो: टप्पा पडून वर येऊन क्षणभर थांबल्यासारखा होतो तिथे, किंवा टप्पा पडल्या पडल्या, जमिनीलगत. या दोहोंच्या मधे, चेंडू चढत असताना घ्यायला गेलात की तो मनगटावर, छातीवर, कुठेही जाईल. चेंडू मुलाकडे यायचा तसाच येणार. मुलाने दोन पावलं पुढे घेतली किंवा अर्धं पाऊल मागे, तरच टप्पा त्याच्या सोयीचा होतो. म्हणजे काम ग्लोव्हच्या आधी पायांनी होतं.

क्रिकेटवाल्याला मी चेंडू मारला. तो गुडघा टेकवून आडवा बसला, चेंडू अडवला, उठला, फेकला. क्रिकेटमध्ये हे शाबासकीचं काम, चौकार वाचला. बेसबॉलमध्ये तेवढ्यात धावणारा बेसवर पोचलेला असतो. फटका मारल्यापासून पहिल्या बेसपर्यंत जायला वरच्या दर्जाच्या खेळाडूला सव्वाचार सेकंदांच्या आसपास लागतात. त्यात अडवणं, चेंडू बोटांत फिरवून शिवणीवर पकड घेणं आणि सव्वाशे फुटांवर फेकणं, सगळं आलं.

"अरे, वाट काय बघतोस? पुढे जा त्याच्याकडे!"

"सर, सुटला तर?"

"सुटू दे. जागेवर थांबून घेतलास तरी धावणारा सेफच आहे."

खो-खोवाल्याच्या हातातून पाचातले दोन सुटतात, पण तो एकदाही जागेवर थांबला नाही. त्याचा ग्लोव्ह काढून घेतला आणि हातात रबरी स्लिपर दिली. सपाट स्लिपरने चेंडू पकडता येत नाही, नुसता थोपवून दुसऱ्या हाताने झाकावा लागतो. त्यामुळे दोन्ही हात आपोआप एकत्र येतात आणि नजर चेंडूवर शेवटपर्यंत राहते. दहा मिनिटांत त्याचे खांदे सैल झाले.

साडेनऊ ते दीड शाळेची नोकरी. पीटीचे तास, प्रार्थनेच्या रांगा, कुणाचा घोटा मुरगळला त्याला बर्फ.

दुपारी दोन. स्पर्धांचे कागद. बोनाफाईड, जन्मदाखला, आधार, फोटो, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. एका फॉर्मवर शिक्का पुसट उमटला म्हणून मुलाचं वर्ष जाऊ शकतं, त्यामुळे प्रत्येक कागद मी उजेडात धरून बघतो. खेळाडू असताना हे कुणीतरी माझ्यासाठी करत होतं, आणि तेव्हा ते मला दिसलंच नव्हतं.

तीन. खो-खोवाल्याचे वडील आले. रिक्षा चालवतात, पाळी संपवून थेट आले. पाणी प्यायले आणि विचारलं, "सर, यात पुढं काय हाय?"

खोटं सांगायचं नाही हे मी ठरवलेलं आहे. बेसबॉल खेळून घर चालेल अशी सोय आपल्याकडे नाही. 2008 साली उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्सने करार दिला, त्यावर पुढे सिनेमाही निघाला. पण ते दोघं पिचर होते, एका स्पर्धेतून त्यांचा नुसता हात हेरला होता. इनफिल्डर असा एका स्पर्धेतून हेरता येत नाही, तो वर्षानुवर्षं घडवावा लागतो. मी त्यांना वाढीव गुणांचं सांगितलं, सरकारी नोकऱ्यांतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणाचं सांगितलं, आणि कोणती स्पर्धा त्यात धरतात ते शासन निर्णय वाचूनच बघायचं, ऐकीव माहितीवर जायचं नाही, हेही बजावलं. बी.पी.एड. करून शिकवायची वाट आहे, मी त्याच वाटेने आलो.

ते म्हणाले, "म्हंजे खेळून झाल्यावर शिकवायचं."

हो. यात कमीपणा काही नाही. आपल्या पुण्याचा हृषीकेश कानिटकर लोकांना आठवतो तो 18 जानेवारी 1998 ला ढाक्यात सकलेन मुश्ताकला मारलेल्या चौकारामुळे. दोन चेंडूंत तीन धावा हव्या होत्या. त्याला कसोटी सामने मिळाले फक्त दोन. पण पुढे त्याने राजस्थानला रणजी करंडक जिंकून दिला, आणि 2022 मध्ये 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक तोच होता. त्या चौकाराइतकंच मोठं काम त्याने सीमारेषेबाहेर बसून केलंय, असं मला मनापासून वाटतं. वडिलांना तो चौकार आठवत होता. विश्वचषकाच्या कोचचं नाव माहीत नव्हतं.

साडेचार. दुसरं सत्र, डबल प्ले. पहिल्या बेसवर धावणारा आहे, चेंडू शॉर्टस्टॉपकडे येतो, तो दुसऱ्या बेसवर देतो, तिथून पहिल्यावर, आणि दोघं बाद. इथे शॉर्टस्टॉपने चेंडू जोरात फेकायचा नसतो, तो सेकंड बेसमनच्या छातीसमोर, त्याला दिसेल असा द्यायचा असतो. क्रिकेटवाल्याने गोळीसारखा फेकला, सेकंडवरच्या मुलीच्या हातातून उडाला.

"सर, किती जोरात!" ती बोटं झटकत म्हणाली.

"अगं, त्याला सांग. मला काय सांगतेस?"

तिने सांगितलं, चांगलं खणखणीत सांगितलं. पुढचा चेंडू मऊ आला.

खो-खोवाल्याची पाळी आली. त्याने चेंडू घेतला आणि धावतच खालून अलगद दिला, खो देतात तसा, जवळ जाऊन, वेळेवर. हे त्याला मी शिकवलेलं नव्हतं. शिकागोकडचा बेसबॉलवाला माइक यंग क्रिकेटची पार्श्वभूमी नसताना ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाला फिल्डिंग शिकवायला गेला होता. एका खेळातलं अंगवळण दुसऱ्यात कामाला येतं हे जगाने तेव्हाच बघितलंय. आपल्याकडे खो-खोतून बेसबॉलकडे ही वाट अजून कुणी नीट आखलेली नाही. ती आखावी, असं मला फार वाटतं.

साडेसहा. किट मोजून बॅगेत. ग्लोव्हला तेल, बेस कपाटात.

रात्री नऊ. जेवण झाल्यावर वही काढली. क्रिकेटवाल्याचा थ्रो वेगाने जातो, खो-खोवाला चेंडूपर्यंत लवकर पोचतो. दोन पावलं पुढे जाऊन घेतलेला चेंडू आधी हातात येतो आणि थ्रोही तेवढा आखूड होतो, म्हणजे कच्च्या हाताला वेळ मिळतो. उलट, मागे बसून घेतलेला चेंडू कितीही जोरात फेकला तरी गेलेला क्षण भरून निघत नाही. तिसऱ्या बेसवर चेंडू सुसाट येतो, तिथे पुढे जायला वेळच नसतो. तिथे धीट छाती आणि लांब थ्रो लागतो, आणि ते दोन्ही क्रिकेटवाल्याकडे आहेत.

ग्रुपवर टाकलं: रविवारी तिसऱ्या बेसवर तो, शॉर्टस्टॉपला हा. उद्या दोघांनी सव्वासहाऐवजी सहालाच यायचं, आणि शॉर्टस्टॉपने स्लिपर आणायची.