तीनशे ताव

लंडनमधल्या एका पुस्तकाच्या दुकानात सायकल-शर्यतींस वाहिलेल्या एका त्रैमासिकाचा अंक मी हाती घेतला आणि त्यावरील किंमत दहा पौंडांच्या वर असल्याचे पाहून तो होता तिथे परत ठेवू लागलो, तेव्हा गेली कित्येक वर्षे त्या शहरात नोकरी करणारा आणि सुट्टी आली की सायकल घेऊन गावोगाव हिंडणारा माझा भाचा म्हणाला, "मामा, किंमत पाहून ठेवू नका, आधी कागद चाचपून पाहा." मी कागद चाचपला. तो जाड होता, किंचित खरखरीत होता, त्यावर झिलईचा लेप नव्हता, आणि तरीही पावसात भिजलेल्या दगडी रस्त्याचे छायाचित्र त्यावर असे उमटले होते की दोन दगडांच्या फटीतला चिखल बोटाला लागेल की काय असे वाटावे. ज्याचे बालपण पुण्याच्या पेठांतून तासाच्या भाड्याने घेतलेल्या सायकलीवर गेले, आणि ज्याच्या लेखी सायकल म्हणजे नगरपालिकेचा बिल्ला, घंटी आणि मागचे कॅरिअर, अशा माझ्यासारख्या इसमास हा सारा थाट उधळपट्टीचा वाटणे स्वाभाविक होते. परंतु असला कागद, असली छपाई आणि असली किंमत यांचा परस्परांशी नेमका काय हिशेब असतो हे पाहावे असे मनाने घेतले, आणि भाच्याच्या ओळखीतून अशाच नियतकालिकांचे काम करणाऱ्या एका छापखान्यात जाण्याची तजवीज झाली.

छापखाना गावाबाहेर, गोदामे आणि मालमोटारी यांच्या वसाहतीत होता, आणि त्याच्या दर्शनी भागात पाहण्यासारखे काहीही नव्हते. दार उघडताच मात्र जो वास आला त्याने मला जागच्या जागी थांबवले. जवसाच्या तेलाचा जुना, जड वास आणि त्याच्या अंगावरून जाणारा स्पिरिटाचा तीव्र, थंड वास, असे त्याचे दोन पदर होते. तेल शाईतले, आणि स्पिरिट यंत्रातल्या पाण्यात मिसळलेले. कारण ऑफसेट छपाईची सारी विद्या तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या एका गोष्टीवर उभी आहे. प्लेटच्या ज्या भागावर चित्र असते तो भाग शाई धरतो, उरलेला भाग पाणी धरून शाईला दूर ठेवतो, आणि प्लेटवरची शाई आधी रबराच्या ब्लँकेटवर व तिथून कागदावर उतरते. पुण्यातल्या माझ्या तरुणपणच्या छापखान्यांत खिळे जुळवणाऱ्या कंपॉझिटरांच्या बोटांना जो शिशाचा आणि घासलेटाचा वास येत असे त्याच्याशी या वासाचे काही नाते नव्हते. तथापि छापखान्यात शिरताना जी एक उत्सुकता वाटत असे ती मात्र इथेही तशीच वाटली.

यंत्र एखाद्या आगगाडीच्या डब्याइतके लांब होते, आणि त्याच्या शेवटच्या टोकाशी, वरून पांढरा प्रकाश पाडलेल्या एका तिरक्या मेजापाशी, साठीच्या घरातला एक यंत्रचालक उभा होता. त्याने माझ्याशी बोलणे सुरू केले ते यंत्राच्या वेगाने किंवा त्याच्या किमतीने नव्हे, तर करड्या रंगाने. सायकलीच्या मासिकात, त्याचे म्हणणे असे, लाल, निळे, पिवळे अंगरखे छापणे सोपे. तिथे रंग थोडा इकडे-तिकडे झाला तर कोणी हरकत घेत नाही. कठीण असतो तो रस्ता. डांबराचा करडा रंग निळी, गुलाबी आणि पिवळी या तीन शायांच्या समतोलातून निघतो, आणि त्यांपैकी एकीचे प्रमाण केसभर वाढले तरी सारा घाट हिरवट किंवा तांबूस दिसू लागतो. त्यातून कागद बिनझिलईचा असला तर शाई आत शोषली जाते, ठिपके पसरतात, आणि छापताना तजेलदार दिसलेला रंग वाळल्यावर काही अंशी मावळतो. म्हणजे आज काय दिसते आहे ते पाहून उद्या काय दिसेल त्याचा निर्णय करावयाचा.

हे सांगत असताना त्याचे हात थांबलेले नव्हते. यंत्रातून आलेला ताव तो मेजावर पसरी, कडेला छापलेल्या रंगपट्टीवरून मोजणीचे उपकरण फिरवी, मग डोळ्याला भिंग लावून चार रंगांचे ठिपके एकमेकांवर नीट बसले आहेत की नाहीत ते पाही, आणि अखेरीस ही सारी उपकरणे बाजूला सारून, दोन पावले मागे जाऊन, डोके कलते करून नुसताच पाहत राही. त्या नुसत्या पाहण्याला किती वेळ लागावा याचा काही नियम नव्हता. मग तो एखादी कळ दाबी आणि पुन्हा ताव मागवी. "मनासारखा ताव येईपर्यंत तीनशे जातात," तो म्हणाला. "कमी गेले तर दैव चांगले. पण हिशेबात तीनशेच धरतो."

तीनशे ताव. त्या दिवशी ऐकलेल्या सर्व आकड्यांत हाच आकडा माझ्या मनात रुतून बसला, आणि पुढे भाच्याच्या घरी कागद-पेन्सिल घेऊन बसलो असता त्या त्रैमासिकाच्या किमतीचे कुलूप याच किल्लीने उघडते असे माझ्या ध्यानी आले. एका तावाच्या दोन्ही बाजू मिळून १६ पाने बसतात, त्याचा एक फर्मा होतो; अंक १२८ पानांचा असला तर असे ८ फर्मे. प्रत्येक फर्म्याला नव्या प्लेटा, नवी जुळणी, आणि नवे तीनशे ताव. प्रत्येक फर्म्याचे तीनशे म्हणजे पुरते तीनशे अंक वाचकापर्यंत न पोहोचताच संपले. आता एखाद्या अंकाच्या ६०,००० प्रती निघत असतील तर हे तीनशे दोनशेंत एक एवढेच भरतात आणि जमाखर्चात दिसतही नाहीत. पण प्रती ३,००० असतील तर तेच तीनशे दहात एक होतात. यंत्र तासाला दहा-बारा हजार ताव सहज ओढते, त्यामुळे ३,००० तावांची प्रत्यक्ष छपाई पाऊण घटकेत आटोपते, आणि तिच्याआधीची जुळणी तिच्याहून अधिक वेळ खाते. वाचक दहा पौंड मोजतो ते छपाईसाठी नव्हेच. छपाई योग्य व्हावी म्हणून तिच्या आधी जे निमूटपणे घडते आणि बहुतांशी रद्दीत जाते, त्यासाठी तो मोजतो. मोठ्या खपाच्या मासिकाच्या वाचकालाही हे मोल द्यावेच लागते, परंतु त्याचा भार साठ हजार खांद्यांवर वाटला जातो.

रद्दीत जाते म्हणालो, तरी लगेच जात नाही. बिघडलेले ताव पुढच्या कामाच्या जुळणीसाठी पुन्हा यंत्रात घालण्याची रीत आहे, आणि भिंतीशी रचलेल्या त्या चळतीपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. एका तावावर कोणा दुग्धालयाच्या पत्रिकेतली दह्याची वाटी होती, तिच्यावर आल्प्समधला नागमोडी घाट, घाटावर एका थकलेल्या शर्यतपटूचा चेहरा, आणि त्याच्या कपाळावरून आडवी गेलेली कुठल्याशा विमा कंपनीची अक्षरे. मूळ अंकातल्या कोणत्याही पानापेक्षा तो ताव मला अधिक बोलका वाटला. यंत्रचालकाच्या नजरेला अर्थातच तो ताव म्हणजे वाया गेलेला कागद होता, आणि मी त्यात काय पाहतो आहे हे त्याला उमगले नाही.

पुढची प्रक्रिया सामान्य आहे: ताव वाळतात, घडीयंत्रातून फर्मे होऊन निघतात, एकावर एक रचले जातात, पाठ खरवडून गरम सरस लावून बांधणी होते, तीन कडा कापल्या जातात. सरस पक्का धरण्यास सुमारे एक दिवस लागतो, आणि तोवर अंक उघडून पाहण्यास मनाई असते.

छापखान्याचा हिशेब इथवर झाला, पण या किमतीमागे जाहिरातदारही आहे; कारण वर्तमानपत्र आणि सायकल यांचा संबंध काही आजचा नव्हे, आणि तो निर्मळ तर कधीच नव्हता. फ्रान्समध्ये 'ल व्हेलो' हे हिरव्या कागदावर निघणारे क्रीडापत्र ड्रेफस या लष्करी अधिकाऱ्यावरील देशद्रोहाच्या आरोपाने गाजलेल्या प्रकरणात ज्या बाजूस उभे राहिले ती बाजू काही धनाढ्य कारखानदारांस रुचली नाही, म्हणून त्यांनी आपल्या जाहिराती काढून घेऊन १९०० मध्ये पिवळ्या कागदावरचे प्रतिस्पर्धी पत्र उभे केले. तेच पुढे 'लोतो' या नावाने चालले, आणि त्याचा खप वाढावा याच उघड हेतूने संपादक आन्री देग्रांज याच्या कारकिर्दीत १ जुलै १९०३ रोजी 'तूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू झाली. इटलीत 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' या गुलाबी पत्राने १९०९ मध्ये तोच कित्ता गिरवला. पुढे या दोन शर्यतींतल्या अग्रणींच्या अंगरख्यांना जे पिवळे आणि गुलाबी रंग लाभले ते या पत्रांच्या कागदाचे. म्हणजे पत्राने शर्यत निर्माण केली, शर्यतीने पत्र विकले, आणि पत्राच्या जन्मवेळीच सुईण म्हणून जाहिरातदार हजर होता.

तो आजही हजर आहे. लंडनमध्ये २००६ साली सुरू झालेल्या 'रूलर' या नियतकालिकाने सायकलीचे मासिक हे संग्रही ठेवण्याजोगे, छायाचित्रांनी समृद्ध असे पुस्तकच असावे हा पायंडा पाडला, आणि त्याच्या उगमाशी 'राफा' ही सायकलस्वारांचे महागडे कपडे विकणारी कंपनी होती. मजकूर उत्तम, छायाचित्रे अप्रतिम, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. या पंथाच्या अंकांत निवृत्त शर्यतपटूंच्या मुलाखती असतात, विस्मृतीत गेलेल्या घाटांची वर्णने असतात, एखाद्या सायकल बांधणाऱ्या कारागिराच्या कर्मशाळेवर दहा-दहा पाने खर्ची घातलेली असतात. आणि मग पान उलटावे तो जाहिरातीतली एक कार्बनची सायकल, जिच्या किमतीत आपल्याकडे मोटारगाडी यावी. १८९१ पासून चालत आलेले, सध्या 'सायकलिंग वीकली' या नावाने निघणारे साप्ताहिक याहून पुष्कळ स्वस्त मिळते आणि निकाल, दुरुस्ती, सामानाची पारख असा नित्याच्या उपयोगाचा मजकूर तेच अधिक देते. उलट, १९९९ मध्ये निघालेले 'प्रोसायकलिंग' २०२१ च्या अखेरीस बंद पडले. बातम्या फुकट मिळू लागल्यावर बातम्यांचे मासिक विकणे दुर्घट होते, आणि ज्यांना तगायचे आहे त्यांनी कागद जाड करावा व किंमत वाढवावी, याखेरीज बहुधा फारसा मार्ग उरत नाही.

छापखान्यातून निघताना मी त्या यंत्रचालकाला विचारले होते, ही नियतकालिके तुम्ही वाचता काय? तो म्हणाला, छापताना सगळे पाहून होते. मग जरा थांबून त्याने एक गोष्ट सांगितली, जी मला भाच्याच्या सर्व युक्तिवादांहून मोलाची वाटते. "यातले रस्ते नेहमी रिकामे असतात," तो म्हणाला. "मी रोज सायकलीने कामावर येतो. मला असा रस्ता एकदाही मिळालेला नाही." त्याची सायकल मागच्या दाराशी एका नळाला साखळीने बांधलेली होती, पोलादी चौकटीची, चिखलपट्ट्या असलेली, खोगिरावर प्लास्टिकची पिशवी चढवलेली. ज्या करड्या रंगासाठी हा मनुष्य तीनशे ताव खर्च करतो त्या रस्त्यावर त्या सायकलीला जागा नाही. कामावर जाणारा, दूध आणणारा, मालमोटारींच्या धुरातून वाट काढणारा सायकलस्वार या दहा पौंडांच्या पानांत मी शोधला, आणि भाच्याच्या कपाटातले जेवढे अंक चाळले त्यांत तो मला आढळला नाही.

तेव्हा किंमत वसूल होते की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर दोन भागांत आहे. कागद, छपाई आणि त्यामागची मेहनत यांचा विचार केला तर किंमत रास्त आहे, तीत लबाडी नाही. ज्याला ती अवाजवी वाटते त्याने एकदा त्या तिरक्या मेजापाशी उभे राहून पाहावे. परंतु सायकल चालवणाऱ्या सामान्य माणसाला त्यातून जे लाभते ते बव्हंशी दृष्टिसुख होय, आणि दृष्टिसुखासाठी प्रत्येकाने स्वतंत्र वर्गणी भरावी हे मला पटत नाही. या बाबतीत मराठी वाचकाने विलायतेस काही शिकवण्यासारखे आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून वाढत गेलेला तो अंकांचा पसारा एकेकट्याच्या खिशाला झेपेना, तेव्हा आपल्या वाचनालयांनी दिवाळी अंकांची एकच वेगळी वर्गणी घेऊन सारे अंक घरोघर फिरवण्याची पद्धत रूढ केली. पुणे, ठाणे, नाशिक येथे पहाटे सायकली घेऊन निघणारी जी तरुण मंडळी हल्ली असले परदेशी अंक टपालखर्चासह मागवू लागली आहेत त्यांना माझे सांगणे एवढेच, की पाच-सहा जणांनी मिळून एक वर्गणी भरावी आणि अंक आळीपाळीने घरी न्यावा. फक्त हात स्वच्छ धुऊन मग तो उघडावा, कारण साखळीचे वंगण त्या बिनझिलईच्या कागदावर लागले की पुन्हा निघत नाही.