माळ्यावरचा संगणक आणि आजचा गेमपॅड

गेल्या शतकाच्या अखेरीस मोठ्या हौसेनें घेतलेला संगणक अद्यापिही कित्येक घरांत माळ्यावर जपून ठेवलेला असतो. सुटींत मुलें तो खालीं काढवितात, काकांना त्यावरील विमानांचे खेळ आठवतात, आणि सुदैवानें यंत्र सुरूही होतें. अडतें तें पुढें. मुलांच्या गेमपॅडास यूएसबीची खुंटी, तर यंत्राच्या पाठीस दोन ओळींत पंधरा छिद्रें असलेला पोर्ट! एखादा स्वस्त अॅडॅप्टर आणला म्हणजे हा तिढा सुटेल, अशी समजूत सर्वत्र आढळते. पैसे फुकट जातात ते येथेंच. कारण खुंटीचा आकार बदलला तरी दोघांची बोली बदलत नाहीं.

हा गेमपोर्ट आयबीएम कंपनीनें १९८१ सालीं आपल्या पहिल्या पर्सनल कॉम्प्यूटरसाठीं निराळ्या कार्डाच्या रूपानें काढला. पुढें १९८९ मध्यें आलेल्या साउंड ब्लास्टरसारख्या ध्वनिकार्डांवर तोच बसविण्यांत आला, आणि मग तो घरोघर पोंचला.

त्याची कामाची रीत मोठी मौजेची आहे. जॉयस्टिकची दांडी कलली कीं तिच्या आंतील विजेचा रोध शून्यापासून सुमारें १ लाख ओहमपर्यंत बदलतो. संगणक हा रोध सरळ मोजीत नाहीं. तो कार्डास खूण करतो. त्याबरोबर कार्डावरील कपॅसिटर त्या रोधांतून भरूं लागतो, आणि तो भरेपर्यंत संगणक आंकडे मोजीत बसतो. लग्नांतील घटिकापात्राचें छिद्र लहान असेल तर घटका लांबते, तसाच हा प्रकार. रोध शून्य असतां सुमारें २४ मायक्रोसेकंद लागतात, तर १ लाख ओहम असतां सुमारें ११२४. ह्या वेळावरून दांडी कोणीकडे व किती कलली तें ठरतें.

ह्यांत एक मेख आहे. मोजणाराच चपळ झाला तर तेवढ्याच वेळांत आंकडा मोठा येतो. पहिल्या संगणकाचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता; पुढील यंत्रें त्याच्या कित्येक पटींनीं वेगवान निघालीं. म्हणूनच जुने खेळ आरंभीं दांडी चारी कोपऱ्यांस फिरवून घेण्यास सांगतात. मुलें कंटाळून ही पायरी टाळतात, आणि मग विमान आपोआप एका अंगास झुकूं लागलें कीं दोष यंत्रास देतात!

आजचा गेमपॅड रोध दाखवीत नाहीं. संगणकानें विचारलें म्हणजे तो तयार आंकडे पाठवितो. तेव्हां दोहोंमध्यें नुसती तार चालत नाहीं, स्वतःचा लहानसा प्रोसेसर असलेला दुभाषी लागतो. असे दुभाषी हौशी लोक तयार करतात. परंतु आमच्या मतें सामान्य कुटुंबानें त्या भानगडींत न पडतां जुन्या बाजारांतून पंधरा पिनांची जॉयस्टिकच मिळवावी. ती घेतांना दांडी मधोमध सोडून पडद्यावरील खूण थरथरते काय, तें पाहावें. थरथरत असल्यास आंतील रोधक झिजला आहे किंवा त्यांत धूळ बसली आहे असें समजावें. धूळ पुसतां येते, झीज मात्र भरून येत नाहीं. विंडोज ९८ च्या काळांतील यंत्रास बहुधा यूएसबी असते. तेथें त्याच काळचा साधा यूएसबी गेमपॅड चालून जातो.

उलट दिशेचें काम सोपें आहे. २००७ सालीं घरोघरीं आलेल्या विंडोज व्हिस्टानें गेमपोर्टचा आधार काढून घेतला, तरी जुनी दांडी यूएसबीस जोडणारे लहान अॅडॅप्टर मिळतात.

जोडण्यापूर्वीं यंत्र बंद करावें, आणि कोणत्या छिद्रांत खुंटी घालतों तें नीट पाहावें. तीन ओळींत पंधरा छिद्रें असलेला पोर्ट पडद्याचा असतो. कांहीं जुन्या नेटवर्क कार्डांवरही दोन ओळींचीं पंधरा छिद्रें असतात, परंतु तेथें १२ व्होल्टचा दाब असतो. अटारीच्या जॉयस्टिकची नऊ छिद्रांची खुंटी पाठीमागील सीरियल पोर्टांत चपखल बसते. पण तेथें ती चालत नाहींच, शिवाय दोहोंस अपाय होण्याचा संभव असतो. घरांत खेळणारे दोघे असल्यास एकाच गेमपोर्टास दोन जॉयस्टिक जोडणारी दुहेरी केबल मिळते. मात्र प्रत्येकाच्या वांट्यास मग दोनच बटणें येतात.