लातूरच्या रुळांवर आमचा वाटा किती?

लातूरचा मोठेपणा सांगताना गंजगोलाई, डाळीची बाजारपेठ आणि 'लातूर पॅटर्न' यांची नावे घेतली जातात. निजामाच्या राज्यातील या बाजारगावाला बाहेरच्या जगाशी जोडले ते रेल्वेने. ती रेल्वे कोणासाठी काय घेऊन आली, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तो आम्ही विचारतो.

बार्शी लाईट रेल्वे ही खासगी इंग्रजी कंपनी. तिची अडीच फुटी रुळांवरची गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. कापूस, धान्य बाहेर जाऊ लागले. अडत वाढली, पेठ वाढली. पोती वाहणारी पाठ आमची होती. पेढी आमची नव्हती.

याच लोहमार्गावरील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ ला महार-मांग वतनदार परिषद भरली. बाबासाहेब तिला हजर होते. त्याआधी, फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी दाखवून दिले होते की, अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरही होता येत नाही, कारण स्टेशनमास्तरच्या घरकामात त्याचा विटाळ होतो! ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हा इशारा तिथलाच.

१९५४ मध्ये ही रेल्वे सरकारने विकत घेतली. संविधानाच्या कलम १६(४) मुळे रेल्वेची कायम नोकरी आमच्या वस्तीत आली; त्या पगारावर पुढची पिढी शिकली. २००७-०८ मध्ये रूळ रुंद झाले. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात याच रुळांवरून मिरजेचे पाणी लातूरला आले.

आता लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना आहे. ३१ मार्च २०१८ ला पायाभरणी झाली, २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. पण २०२३ मध्ये येथे वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्याचे कंत्राट ज्या संयुक्त कंपनीला मिळाले, तिच्यात मोठा हिस्सा रशियन कंपनीचा आहे. कारखाना सरकारचा, भरती कंपनीची! कलम १६(४) राज्यसंस्थेच्या नोकऱ्यांसाठी आहे; खासगी मालकाला ते बांधत नाही. आरक्षण रद्द न करताही ते असे संपवता येते.

तरीही कायदा अगदीच हात टेकत नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ चे कलम ३-अ खासगी मालकालाही लागू आहे. त्यानुसार अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवाव्याच लागतात. आयटीआय झालेल्या आपल्या मुलांनी त्या जागांवर हक्क सांगावा. कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात रेल्वेकडे अर्ज टाकावेत : कंत्राटाच्या अटी काय? शिकाऊ किती, त्यांत आपले किती?

१९११ मध्ये विचारण्याचा हक्क नव्हता. आज आहे. तो वापरला नाही, तर कारखान्यात आपल्या वाट्याला पुन्हा ओझेच येईल.